अल्सास पुन्हा वेगळा प्रदेश का व्हावा

फ्रान्सच्या पूर्व टोकाला, स्वित्झर्लंडच्या सीमेपासून फार लांब नसलेले, अल्सासमधले आल्टकिर्श नावाचे गाव आहे. तिथल्या एका घरातली तीन भावंडे सकाळी तीन शाळांत जातात असे समजू. धाकट्याच्या प्राथमिक शाळेची इमारत गावच्या नगरपालिकेची. मधलीच्या माध्यमिक शाळेचे छत गळू लागले तर दुरुस्ती अल्सास परिषदेने, म्हणजे इथल्या जिल्हा पातळीवरच्या परिषदेने करायची. थोरल्याच्या उच्च माध्यमिक शाळेचे छत गळले तर ते काम ग्रां-एस्त प्रदेशाचे. शिक्षकांचे पगार तिन्हीकडे पॅरिसचे सरकार देते. गावाबाहेरून मुलांना आणणारी बस प्रदेशाची आणि ती ज्या रस्त्यावरून धावते तो बहुतेक अल्सास परिषदेचा. त्यामुळे बसचा थांबा दोनशे मीटर पुढे सरकवायचा तरी दोन कचेऱ्यांचे एकमत लागते. त्यातली प्रदेशाची कचेरी ज्या सभागृहाला उत्तर देते त्याच्या बैठका मेस शहरात भरतात, व्होझ पर्वताच्या पलीकडे.

यातला एकेक तुकडा सुटा घेतला तर त्याला कायद्यात आधार आहे. पण सगळे एकाच घराच्या उंबरठ्याशी आणून ठेवले की रचना कुठे चुकली ते दिसते. अल्सास, लोरेन आणि शांपान्य-आर्देन हे तीन जुने प्रदेश २०१६ मध्ये एकत्र करून ग्रां-एस्त झाला. माझे म्हणणे असे की अल्सासला त्यातून बाहेर काढून पुन्हा प्रदेशाचा दर्जा द्यावा, आणि तो देताना जिल्ह्याचे व प्रदेशाचे अधिकार एकाच निवडून आलेल्या सभागृहाकडे सोपवावेत. करकोच्यांची घरटी, लाकडी चौकटींची घरे, अल्सेशियन बोली यांच्या जोरावर ही मागणी नेहमी मांडली जाते. त्या गोष्टींचे मोल मी कमी लेखत नाही, पण खरा मुद्दा कारभाराचा आहे आणि तो जास्त भक्कम आहे.

फ्रान्समधल्या पायऱ्या आधी नीट मांडायला हव्यात, कारण या वादात अर्धा गोंधळ शब्दांचा असतो. सगळ्यात खाली कम्यून, म्हणजे गाव किंवा शहर. त्याला महापौर असतो, मग वस्ती पन्नास माणसांची असो वा लाखांची. एकट्या अल्सासमध्ये सुमारे ८८० कम्यून आहेत. शेजारचे कम्यून एकत्र येऊन पाणी, कचरा, शहर वाहतूक चालवतात. स्ट्रासबर्गच्या अशा महानगर संघात ३३ कम्यून आहेत, म्युलूझच्या संघात ३९. त्यावर कँटन. पूर्वी त्याला थोडे प्रशासकीय काम होते, आता तो जवळजवळ निव्वळ मतदारसंघ आहे आणि प्रत्येक कँटनमधून एक स्त्री व एक पुरुष अशी जोडी निवडून येते. त्यावर आरोंदिसमाँ, म्हणजे उपजिल्हा, जिथे उपप्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेला अधिकारी, बसतो. मग देपार्तमाँ, म्हणजे जिल्हा. आणि शेवटी प्रदेश.

‘जिल्हा’ या शब्दाचे फ्रान्समध्ये दोन अर्थ आहेत. एक सरकारचा जिल्हा, जिथे पॅरिसने नेमलेला प्रीफेक्ट कारभार पाहतो. दुसरा निवडून आलेल्या परिषदेचा. एरवी दोन्हींची हद्द एकच असते, म्हणून फरक लक्षात येत नाही. अल्सासमध्ये १ जानेवारी २०२१ पासून तो उघडा पडला. बा-रँ आणि ओ-रँ या दोन जिल्हा परिषदा विलीन होऊन एकच संस्था झाली. तिचे अधिकृत नाव ‘अल्सासची युरोपीय संस्था’ असे काहीसे लांबलचक आहे, मी तिला अल्सास परिषद म्हणतो. ४० कँटन, ८० सदस्य. सरकारचे दोन जिल्हे मात्र जिथल्या तिथे राहिले: ६७ क्रमांकाचा प्रीफेक्ट स्ट्रासबर्गला, ६८ चा कोलमारला. शिकायला आलेल्या मराठी विद्यार्थ्याने म्युलूझला खोली घेतली तर त्याच्या रहिवासी परवान्याचे काम कोलमारच्या प्रीफेक्चरकडे जाते, स्ट्रासबर्गला घेतली तर तिथल्या. परिषद एक झाली म्हणून यात काही बदलले नाही.

नावांबद्दलही एक सांगायला हवे. नकाशावर बा-रँ वर असतो आणि ओ-रँ खाली, आणि ‘ओ’ म्हणजे तर वरचा. नावे नदीवरून दिली आहेत: ऱ्हाइन दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, म्हणून दक्षिणेकडचा जिल्हा वरच्या प्रवाहाचा. १७९० साली क्रांतीनंतर फ्रान्सचे ८३ जिल्हे पाडले तेव्हा जुन्या सरदारक्यांची नावे मुद्दाम टाळून नद्याडोंगरांची नावे घेतली होती. जिल्ह्याच्या गावी माणसाला घोड्यावरून एका दिवसात पोचता यावे असा तेव्हाचा हिशेब सांगितला जातो. काळ बदलला तरी त्या हिशेबात एक शहाणपण होते: हद्द ठरवताना माणसाचा प्रवास मोजला होता.

अल्सासची जमीन या कसोटीला उतरते. उत्तर-दक्षिण सुमारे १९० किलोमीटर लांब, पूर्व-पश्चिम जेमतेम ५०. पूर्वेला ऱ्हाइन, पलीकडे जर्मनी. पश्चिमेला व्होझचा कणा, ज्याचे सर्वांत उंच शिखर ग्रां बालों १,४२४ मीटर. मधल्या सपाटीतून ऱ्हाइनला समांतर ईल नदी वाहते आणि मोठी शहरे तिच्याच काठाने वसली आहेत: म्युलूझ, कोलमार, सेलेस्ता, स्ट्रासबर्ग. पश्चिमेकडून येणारे ढग व्होझवर रिते होतात, त्यामुळे पायथ्याशी असलेले कोलमार फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांत गणले जाते. पर्जन्यछाया म्हणजे काय ते घाटमाथ्यावरून माणदेशात उतरणाऱ्याला वेगळे सांगायला नको. या कोरड्या उतारावर मार्लेनहाइमपासून थानपर्यंत द्राक्षमळ्यांची अरुंद पट्टी गेली आहे. पश्चिमेकडे जायला खरे मोठे दरवाजे दोनच, उत्तरेला साव्हेर्नची खिंड आणि दक्षिणेला बेलफोरचे मैदान. रस्ते, रेल्वे, बाजार, नोकरीसाठीची रोजची ये-जा, सगळे या पट्टीच्या लांबीने चालते किंवा ऱ्हाइन ओलांडून जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जाते.

निसर्गाची रेघ सगळीकडे काटेकोर आहे असेही नाही. सार-युनियनच्या भोवतालचा ‘अल्सास बोस्यू’ हा भाग व्होझच्या पश्चिमेला, म्हणजे भूगोलाने लोरेनच्या पठारावर आहे. तिथली वस्ती प्रामुख्याने प्रोटेस्टंट, म्हणून १७९३ मध्ये तो कॅथलिक शेजाऱ्यांऐवजी बा-रँला जोडला गेला, तो आजतागायत तिथेच आहे. उलट शिर्मेक आणि साल हे भाग १८७१ पर्यंत व्होझ जिल्ह्यात होते. जर्मनीने ते घेतले आणि १९१८ नंतर परत आले तेव्हा बा-रँमध्येच राहिले. त्यांची ब्रूश नदी ईललाच मिळते, तेव्हा हा बदल जमिनीला धरूनच झाला. माणसांनी हद्दी हलवल्या आहेत आणि त्या पुन्हा हलवता येतात, एवढे यातून दिसते.

आता ग्रां-एस्त. २०१४ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष ओलाँद यांनी २२ प्रदेशांचे १४ करण्याचा नकाशा पुढे ठेवला. त्यात अल्सास आणि लोरेन एकत्र होते, शांपान्य-आर्देन मात्र पिकार्दीबरोबर होता. संसदेत चर्चा होता होता महिन्या-दोन महिन्यांत पिकार्दी उत्तरेकडच्या शेजारी प्रदेशाला जोडला गेला, शांपान्य-आर्देन अल्सास-लोरेनला येऊन चिकटला आणि प्रदेशांची संख्या १३ झाली. ११ ऑक्टोबर २०१४ ला स्ट्रासबर्गमध्ये विरोधात मोठी सभा झाली, तिचा उपयोग झाला नाही. १६ जानेवारी २०१५ चा कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. नाव सुचेपर्यंत या प्रदेशाला तिन्ही नावे वर्णानुक्रमाने जोडून हाक मारावी लागत होती. अखेर ‘ग्रां-एस्त’, म्हणजे ‘मोठा पूर्व भाग’, हे नाव ठरले. दिशेपलीकडे त्या नावात काही नाही, कारण दिशेपलीकडे या दहा जिल्ह्यांत सामाईक असे फारसे सापडले नाही.

त्याचा आकार ५७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, बेल्जियमच्या जवळजवळ दुप्पट. लोकसंख्या सुमारे ५५ लाख, कम्यून पाच हजारांवर, सीमा बेल्जियम, लक्झेंबर्ग, जर्मनी आणि स्वित्झर्लंड अशा चार देशांना लागून. पाण्याचा उतार पाहिला तर ऱ्हाइन, मोझेल, म्यूझ उत्तर समुद्राकडे जातात. मार्न आणि ओब या नद्या सेनमार्गे इंग्लिश खाडीकडे. आणि सोन नदी व्होझ जिल्ह्यात उगम पावून शेवटी भूमध्य समुद्राला जाते. रँसहून जलद गाडीने पॅरिस पाऊण तासावर आहे. रँस, त्रुआ, शार्लव्हिल-मेझिएर इथल्या माणसाचे इस्पितळ, विद्यापीठ, नोकरी, सगळ्याची ओढ पॅरिसकडे. त्याला स्ट्रासबर्गशी बांधून त्याचेही काही भले झालेले नाही. या वादात शांपान्यच्या लोकांचा विचार कोणी फारसा करत नाही, ते मला खटकते.

मोठा प्रदेश केला म्हणजे कचेऱ्या एका जागी येतील, असे तेव्हा सांगितले गेले. प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. प्रदेशाचा प्रीफेक्ट आणि प्रदेश परिषदेचे मुख्यालय स्ट्रासबर्गला, परिषदेच्या पूर्ण बैठका मेसला. आरोग्य यंत्रणेचे मुख्यालय नान्सीला. शेती खात्याचे प्रादेशिक कार्यालय शालों-आं-शांपान्यला, पर्यावरण खात्याचे मेसला. शिक्षणाचे तिन्ही जुने विभाग, स्ट्रासबर्ग, नान्सी-मेस आणि रँस, कायम राहिले आणि त्यांच्या डोक्यावर आणखी एक प्रादेशिक पायरी आली. अपील न्यायालये चार: कोलमार, मेस, नान्सी, रँस. हे वाटप लबाडीने झाले असे मी म्हणणार नाही. जुन्या राजधान्यांचे दर्जे गेले होते, तेव्हा प्रत्येकीला काहीतरी देणे भागच होते. पण याचा परिणाम असा की इस्पितळ, शेतजमीन आणि नदी या तिन्हींशी संबंध असलेल्या एका प्रकल्पाची फाईल तीन शहरांत फिरते. युरोपीय संघाच्या आकडेवारीतही अल्सास, लोरेन आणि शांपान्य-आर्देन हे जुने प्रदेश आजही स्वतंत्र एकक म्हणून मोजले जातात, ग्रां-एस्त त्यांच्या वरची पायरी आहे. अल्सासचा संकेतांक तिथे ‘एफआरएफ१’ असा आहे.

खर्च वाचेल हा दुसरा दावा. तीन प्रदेशांचे कर्मचारी एका आस्थापनेत आले की भत्ते एकसारखे करावे लागतात, आणि ते वरच्या पातळीलाच एकसारखे होतात. खाली आणायला कोणी तयार होत नाही. तीन इमारती विकल्या जात नाहीत, प्रवासखर्च मात्र वाढतो. फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयानेही विलीन प्रदेशांचा हिशेब पाहताना अपेक्षित बचत दिसत नसल्याचे नोंदवले आहे. शाळा बांधणे, गाड्या चालवणे यांचा खर्च शाळांच्या आणि गाड्यांच्या संख्येवर ठरतो, नकाशावरच्या रेघेवर नाही.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो अधिकार अर्धे-अर्धे वाटले गेल्यामुळे. म्युलूझमध्ये काम गेलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. किमान उत्पन्नाचा भत्ता अल्सास परिषदेच्या अखत्यारीत, नवे कौशल्य शिकवणारा अभ्यासक्रम प्रदेशाच्या, आणि नोकरी शोधून देणारी संस्था राष्ट्रीय. बाझेलच्या कारखान्यात काम मिळायला त्याला जर्मन येणे उपयोगाचे, आणि दुभाषिक शिक्षण व सीमेपलीकडचे सहकार्य ही कामे २ ऑगस्ट २०१९ च्या कायद्याने अल्सास परिषदेकडे आली. म्हणजे जर्मन शिकवण्याची जबाबदारी एकाकडे आणि जर्मन येणाऱ्याला धंदेशिक्षण देण्याची दुसऱ्याकडे. ऱ्हाइनच्या काठाने धावणाऱ्या ए-३५ महामार्गाचीही हीच गत. तो २०२१ मध्ये अल्सास परिषदेकडे आला, स्ट्रासबर्ग महानगराच्या हद्दीतला तुकडा महानगराकडे गेला आणि त्याचे नावच एम-३५ झाले. पण या महामार्गावरची गर्दी कमी करू शकणाऱ्या रेल्वेगाड्यांचे वेळापत्रक प्रदेश ठरवतो. रस्ता एकाचा आणि त्याला पर्याय असलेली गाडी दुसऱ्याची, अशा स्थितीत दोन्हींचा एकत्र विचार कोणी करायचा?

विरोधकांचे दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला आकाराचा: १९ लाख लोकांचा प्रदेश लहान पडेल. याला उत्तर फ्रान्सच्याच नकाशात आहे. साडेतीन लाखांचा कोर्सिका वेगळा प्रदेश आहे. सुमारे २६ लाखांचा मध्य-लोआर २०१६ मध्ये कोणाशीही जोडला गेला नाही. कोर्सिकात तर मला हवी ती रचना प्रत्यक्षात चालू आहे: १ जानेवारी २०१८ पासून दोन जिल्हा परिषदा आणि प्रदेश मिळून एकच संस्था. २००३ च्या जनमतात कोर्सिकाने असा प्रस्ताव थोड्या फरकाने नाकारला होता, तरी पुढे कायद्याने तो आला.

दुसरा आक्षेप मोझेलचा, म्हणजे लोरेनमधल्या त्या नावाच्या जिल्ह्याचा. १८७१ ते १९१८ अल्सास आणि मोझेल जर्मनीत होते. त्या काळातले आणि त्याआधीचे काही कायदे परतल्यावरही टिकले, आणि त्यांना ‘स्थानिक कायदा’ म्हणतात. डॉक्टरांच्या फीची भरपाई इथे ९० टक्के, उर्वरित फ्रान्समध्ये ७० टक्के. त्यासाठी पगारातून जादा वर्गणी कापली जाते. संघटना नोंदवायला इथे सात सभासद लागतात, इतरत्र दोन पुरतात. शिकारीचा हक्क कम्यून नऊ-नऊ वर्षांच्या करारावर देते. धर्म आणि राज्य यांची १९०५ ची फारकत इथे लागूच झाली नाही, कारण तेव्हा हा भाग फ्रान्समध्ये नव्हता. रेल्वेगाड्यासुद्धा इथे दुहेरी मार्गावर उजवीकडून धावतात, उर्वरित फ्रान्समध्ये डावीकडून. म्हणून जुन्या सीमेजवळ एक रूळ दुसऱ्यावरून उचलून पलीकडे नेणारे पूल बांधावे लागले. अल्सास वेगळा झाला तर या कायद्याचे क्षेत्र दोन प्रदेशांत विभागले जाईल, अशी भीती घातली जाते. पण २०१६ पूर्वी ते विभागलेलेच होते आणि काही अडले नव्हते. स्थानिक कायदा हा राष्ट्राचा कायदा आहे, तो चालवतात न्यायालये आणि विमा संस्था. प्रदेश परिषदेचा त्याच्याशी संबंध नाही. त्याला खरी अडचण वेगळीकडून आहे: ५ ऑगस्ट २०११ च्या निर्णयात घटना परिषदेने म्हटले की हे फरक टिकू शकतात, पण वाढवता येणार नाहीत.

लोकांना विचारले का, हाही प्रश्न येतो. ७ एप्रिल २०१३ ला विचारले होते, तेही विलीनीकरणाच्या आधी: दोन जिल्हा परिषदा आणि तेव्हाची अल्सास प्रदेश परिषद या तिन्हींची एकच संस्था करावी का? अट अशी की दोन्ही जिल्ह्यांत बहुमत हवे आणि शिवाय होकाराची मते नोंदलेल्या मतदारांच्या २५ टक्के तरी हवीत. बा-रँमध्ये दोन तृतीयांश मते होकाराची पडली, पण मतदानच इतके कमी झाले की ती नोंदलेल्या मतदारांच्या २३ टक्क्यांपर्यंतच पोचली. ओ-रँने तर सरळ ५५ टक्क्यांहून अधिक मतांनी नाही म्हटले. पुढे २०२१-२२ च्या हिवाळ्यात अल्सास परिषदेने स्वतः कौल घेतला. त्यात सुमारे १ लाख ६८ हजार लोकांनी भाग घेतला आणि ९२ टक्क्यांनी बाहेर पडायला होकार दिला. या दुसऱ्या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. ज्यांना विषयाची कळकळ होती तेच तिथे आले. २०१३ चा नकार मात्र मनावर घ्यायला हवा. कोलमार आणि म्युलूझच्या लोकांना मेसची नव्हे, स्ट्रासबर्गची भीती वाटत होती. म्युलूझहून स्ट्रासबर्ग शंभरावर किलोमीटर आहे, आणि सगळे अधिकार तिकडे गेले तर आपल्या दाराशी काय उरणार, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता, आजही आहे.

म्हणून नुसते बाहेर पडणे पुरणार नाही, कायद्यात काय लिहिले जाते ते महत्त्वाचे. प्रदेशांच्या हद्दी संसदच बदलू शकते. एखाद्या जिल्ह्याने शेजारच्या प्रदेशात जायचे तर संबंधित परिषदांनी तीन पंचमांश बहुमताने सारखे ठराव करायचे, अशी एक खिडकी २०१५ च्या कायद्याने ठेवली होती. ती १ मार्च २०१९ ला बंद झाली आणि एकाही जिल्ह्याला तिचा उपयोग करता आला नाही. पुढच्या प्रादेशिक निवडणुका मार्च २०२८ मध्ये अपेक्षित आहेत आणि निवडणुकीच्या आधीच्या वर्षभरात मतदारसंघांची फेररचना करता येत नाही. तेव्हा उच्च माध्यमिक शाळा, गाड्यांचे करार, कर्ज आणि कर्मचारी यांची वाटणी कशी करायची ते आधी ठरायला हवे. शाळेची इमारत जिथे उभी आहे तिथल्या संस्थेची, हे सोपे आहे. रेल्वेचे कठीण: स्ट्रासबर्ग ते नान्सी किंवा मेस धावणाऱ्या गाडीचा तोटा कोणी किती सोसायचा हे प्रत्येक मार्गावर गाडी-किलोमीटर मोजून लिहावे लागेल. ते मोघम ठेवले तर पहिल्या तंट्यात सकाळची गाडी रद्द होईल आणि भुर्दंड प्रवाशाला पडेल.

कोलमारच्या बाबतीतही तसेच. अल्सास परिषदेची कचेरी तिथे आजही आहे, अपील न्यायालय आहे, प्रीफेक्ट आहे. नव्या प्रदेशाचे शाळा आणि धंदेशिक्षण हे विभाग तिथे किंवा म्युलूझला बसतील असे कायद्याच्या मजकुरातच असावे. पुढाऱ्यांच्या आश्वासनावर ते सोडू नये. आल्टकिर्शच्या उपप्रीफेक्चरच्या इमारतीत परिषदेची एक खिडकी उघडायला तर नवा कायदाही नको. तिन्ही मुलांच्या शाळेचे आणि बसचे अर्ज तिथे एकाच टेबलावर घेता येतील.